वरून ओतलेलं पाणी

रोल्ला, शारजा
जानेवारी १९६८

प्रिय विश्राम,

सर्वप्रथम एक तक्रार दाखल करून घे. आरोपी विश्राम सोनू कासारे, धंदा सरकारी वकिली. आरोप असा की, सदर इसमाने आपल्या माजी संस्कृत शिक्षकास जो फोटो पाठवला, त्यात काळा कोट नीट आहे, भांग नीट आहे, चेहऱ्यावर सरकारला शोभेल इतकं गांभीर्यही आहे. परंतु गळ्यातल्या दोन पांढऱ्या पट्ट्यांपैकी डावी पट्टी उजवीच्या अंगावर खुशाल रेललेली आहे. गुन्हा दखलपात्र आहे की नाही ते तू ठरव, कायदा तू शिकलास. मी एवढंच म्हणतो की शब्द चालवताना ज्या मुलाचा विसर्गसुद्धा कधी जागचा हलला नाही, त्याची पट्टी हलते म्हणजे काय! फोटोग्राफरवर ढकलू नकोस. आरोपी नेहमी तेच करतात.

शिक्षा म्हणून तो फोटो मी आमच्या खोलीत दारासमोरच्या खिळ्यावर टांगला आहे. पूर्वी तिथे घड्याळाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्याला निवृत्त केलं. आत येणारा प्रत्येक जण आता आधी तुला भेटतो आणि मग चपला काढतो. खाली चहा विकणारा मलबारी अहमद थर्मास घेऊन वर आला, फोटोसमोर थबकला आणि म्हणाला, "साब, ये मजिस्ट्रेट है?" मी म्हटलं, नाही रे बाबा, हा मॅजिस्ट्रेटला जागं ठेवणारा. त्याने फोटोला सलाम केला. चहाचे पैसे मात्र घेतले. 

तुझ्या कीर्तीचं इथे काय होतं तेही ऐक. गेल्या वर्षी तू तो केशकर्तनालयाचा खटला जिंकलास, त्याची बातमी आमच्या हनीफ खलाशाने लाँचमधून आणली. न्हाव्याने बौद्धवाडीतल्या माणसाची दाढी करायला नकार दिला, वस्तऱ्याला धार नव्हती असं कोर्टात सांगितलं, आणि तू फक्त विचारलंस की त्याच सकाळी त्याच वस्तऱ्याने आणखी किती दाढ्या झाल्या. एवढीच गोष्ट, तुझ्या पत्रातही एवढीच होती. पण लाँच मस्कतला थांबते, खोर फक्कानला थांबते, आणि प्रत्येक बंदरात गोष्टीत थोडा माल चढतो. शारजाला पोचेपर्यंत तू भर कोर्टात वस्तरा मागवून स्वतःच्या हाताने न्हाव्याची दाढी केली होतीस. मी खंडन केलं नाही. थोरामोठ्यांच्या चरित्रात प्रक्षिप्त भाग असायचाच.

हसू नकोस, पण तुझं काम नेमकं काय हे कळायला मला वेळ लागला. सरकारी वकील म्हणजे चोर-दरोडेखोरांना आत टाकणारा माणूस, अशी माझी समजूत. मग तू लिहिलंस की अस्पृश्यतेच्या कायद्याखालचे खटले बाकीचे वकील टाळतात, साक्षीदार फुटतात, फिर्यादी गाव सोडून जातात, म्हणून जिल्ह्यातले असे खटले तू स्वतःहून मागून घेतोस. आणि पुढे लिहिलंस, "सर, कागदावर फिर्यादी सरकार असतं, पण खरी उभी असते एखादी बाई, आणि तिच्या कमरेवर रिकामी कळशी." हे वाक्य मी आमच्या अरबाबलासुद्धा अरबी करून ऐकवलं. अरबाब म्हणजे आमचा मालक. त्याची इंग्रजी पत्रं मी लिहितो, त्यातल्या धमक्या सौम्य करतो आणि आभार वाढवतो. भाषा शिकलेल्या माणसाला पोट भरायला एवढी विद्या पुरते.

तुला आठवतं ना, संस्कृत माझ्या वाट्याला आलं तेही अपघातानेच. आमच्या बापाला हवी होती फारसी. पण फारसीचे मौलवी निवृत्त झाले, नवीन मिळेनात, आणि वर्गात शास्त्रीबुवांपुढे मी एकटा टोपीवाला. पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागलो, आणि तू आलास. शास्त्रीबुवा म्हणाले, कासाऱ्याच्या पोराला गणित शिकवू, इतिहास शिकवू, देवभाषा मात्र माझ्या तोंडून त्याला मिळायची नाही. मी म्हटलं, हरकत नाही, देवाने माझ्या तोंडाविषयी काही अट घातलेली नाही. म्हणून शनिवारी शाळा सुटली की दोन कोस चालत तू करंजखोलला आमच्या पडवीत यायचास. मुसलमानाच्या पडवीत महाराचा मुलगा राम चालवतो आहे, रामः रामौ रामाः, आणि कुंपणापलीकडून माझा मेव्हणा हमदुल्ला विचारतो आहे, "मास्तर, याचा पगार कोण देतं?" तुझी द्वितीया यायच्या आत मरियमबी नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून ठेवायची. तहान लागली की तांब्या उंच धरून वरून धार सोडायची आणि तू ओंजळीने प्यायचास. "अजून पी रे, एवढं चालून आलास," असं म्हणत ती तांब्या संपेपर्यंत ओतत राहायची. तू "चाची, पुरे" म्हणालास तरी तिचं पुरे होत नसे.

आता विहिरीकडे येतो. इतका वेळ टाळलं, हे तू ओळखलं असशीलच. साक्षीदार मुद्द्यावर यायला लागला की खिडकीबाहेर बघतो, असं तूच एकदा लिहिलं होतंस. इथे खिडकीबाहेर तो मोठा वड आहे. अरबीत वडाला रोल्ला म्हणतात, आणि या वस्तीला नाव त्याच्यावरूनच पडलं. ईदला त्याला झोके बांधतात. चारी बाजूंना वाळू आणि मध्ये पारंब्यांचा संसार. कोणी लावला, कोणी पाणी घातलं, विचारलं तर जो तो आपल्या आजोबांचं नाव सांगतो.

त्याच वडाखाली आमची विहीर जन्माला आली. इथलं पाणी मचूळ. गाढवावरून डब्यांत गोडं पाणी यायचं, तेही नावाला गोडं. आम्ही करंजखोलची माणसं संध्याकाळी वडाखाली बसून गावच्या पाण्याची आठवण काढायचो आणि मग कोणीतरी म्हणायचं, उन्हाळ्यात तिथे तरी कुठे आहे? एका जुम्म्याला मी उभा राहून बोललो की गावाला विहीर बांधून देऊ, सगळ्या गावाला. सगळ्यांनी आमीन म्हटलं. वर्गणी मी फिरवली. आणि हे तुझ्या उपयोगाचं आहे म्हणून लक्ष देऊन वाच: वर्गणी फक्त आमच्या जमातीची नव्हती. मलबारी अहमदने दिली. बाजारातल्या एका सिंधी व्यापाऱ्याने सिमेंटचा भार उचलला. एका पठाण ड्रायव्हरने विचारलं, माझं गाव पेशावरकडे, तुमच्या गावातली विहीर मला काय कामाची? मी म्हटलं, कधी वाट चुकून आलास तर पाणी पिशील. तो हसला आणि त्यानेही दिलं. प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगितली की पाणी कोणालाही भरता येईल. गावात काम उभं केलं हमदुल्लाने. त्याला श्रेय द्यायलाच हवं, भर उन्हात उभं राहून त्याने कातळ फोडून घेतला. पाणी लागलं तेव्हा तो रडला, असं मरियमबीने कळवलं होतं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर हे पत्र सोपं झालं असतं.

गेल्या एप्रिलमध्ये बौद्धवाडीतल्या सुंदराबाईने रहाटाला स्वतःचा दोर लावला आणि स्वतःची कळशी आत सोडली. तोवर रीत अशी की वाडीतल्या बायांनी कठड्याच्या खाली बसायचं, आमच्या बायकांपैकी कोणीतरी पाणी काढून वरून त्यांच्या भांड्यांत ओतायचं. हमदुल्ला कोयती घेऊन आला आणि त्याने दोर कापला. कळशी तळाला गेली. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण खटला तुझ्याकडे आहे. आरोपी माझ्या बायकोचा, मरियमबीचा, सख्खा भाऊ, आणि बचाव असा की विहीर जमातीची खाजगी आहे, जमातीच्या पैशाने जमातीसाठी बांधलेली, तेव्हा तिथे बाकीच्यांचा हक्कच येत नाही. हक्क नाही तर अडवणूक कसली, आणि अडवणूक नाही तर गुन्हा कसला? तर्कशास्त्राला धरून आहे. शास्त्रीबुवा असते तर खूश झाले असते.

तू मला या खटल्याबद्दल काही लिहिलं नाहीस. फोटो पाठवलास, हवापाणी विचारलंस, मुलीला दात आल्याचं कळवलंस. ही बातमी मला खोलीतच कळली, आणि ती सांगायची पद्धत गमतीची होती. आम्ही सातही जण एकाच मोठ्या थाळात जेवतो. मध्ये भात, वर माशाचं कालवण, ज्याने त्याने आपल्या बाजूने खायचं. कोकणातही तेच, अरबांतही तेच, आणि आमच्यात लहानमोठा नाही हे कोणाला सांगायचं असलं की आम्ही याच थाळाकडे बोट दाखवतो. हमदुल्लाचा धाकटा भाऊ इद्रीस आमच्यातच राहतो. त्या दिवशी तो माझ्यासाठी वेगळी ताटली घेऊन आला, भिंतीकडे ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही इथे बसा. तुमच्या पोराने आमच्या भाईला कोर्टात उभं केलंय." मी विचारलं, माझं पोर कोणतं? त्याने फोटोकडे हात केला. विश्राम, मला मुलगा नाही. एक जैनब, तीही आता पत्र लिहिताना इंग्रजी शब्द वापरून मला दटावते. त्यामुळे इद्रीसने रागाच्या भरात जे बहाल केलं ते मी जपून ठेवलं आहे. भिंतीकडे बसून जेवलो. मासा मात्र त्याने मला मोठा वाढला होता. रागातही मान द्यायची सवय सुटत नाही बिचाऱ्याची.

वेगळ्या ताटलीत जेवण कसं लागतं, हे मी कित्येक वर्षं शिकवत होतो आणि आता शिकतो आहे. चव तीच असते. घास गिळताना फक्त आवाज जास्त येतो.

तू मला साक्षीला का बोलावलं नाहीस हे मला कळतं. मी आलो तर माझ्या घरात काय होईल याचा हिशेब तू केलास आणि खटला एक साक्षीदार कमी घेऊन लढायचा ठरवलास. सरकारी वकिलाने अशी दया दाखवणं हे कर्तव्यात कसूर आहे, हा तुझ्यावरचा दुसरा आरोप, आणि हा पट्टीपेक्षा गंभीर. वर्गणी मी फिरवली. कोणाकोणाचा पैसा आणि कोणत्या शब्दावर, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. म्हणून मी येतो आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे अर्ज करून माझं नाव साक्षीदारांत घाल. बोटीची जागा धरली. मुंबईहून पुढे दाभोळच्या बोटीने येईन.

रजेचा किस्सा सांगायला हवा. अरबाबला म्हटलं, गावी जायचं आहे. त्याने विचारलं, कोणी वारलं? नाही. लग्न? नाही. मग? साक्ष द्यायची आहे, विहिरीवर कोणाला पाणी भरू दिलं नाही त्याची. त्याने हातातला कावा, म्हणजे इथली कडू कॉफी, खाली ठेवला. म्हणाला, "विहिरीवरून माणसाला हटवलं? आणि तू अजून इथे बसून काय करतोस? यल्ला!" मग बराच वेळ तो आपल्या लहानपणीच्या कुठल्याशा विहिरीबद्दल बोलत राहिला. रजा मात्र पंधरा दिवसांचीच दिली. धर्म वेगळा, धंदा वेगळा.

इद्रीसलाही सांगितलं. रात्री दिवा मालवल्यावर तो अंधारातून म्हणाला, "मास्तर, भाईला जेल होईल?" मी म्हटलं, दंड होईल बहुधा. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "तुम्ही खरं तेच सांगणार ना?" मी हो म्हटलं. "मग खलास," म्हणाला आणि कूस बदलली. सकाळी माझी ताटली जागेवर नव्हती. कोणी हलवली ते मी विचारलं नाही. थाळाशी माझ्यापुरती जागा झाली होती, तिथे बसलो.

कोर्टात मला सर म्हणू नकोस. इतरांसारखाच मी साक्षीदार. उलटतपासात बचावाचा वकील नक्की विचारेल की हा वकील तुमचा विद्यार्थी, मग तुम्ही त्याच्या बाजूनेच बोलणार. मी सांगेन की हो, विद्यार्थी आहे, आणि माझ्या साऱ्या नोकरीत मला सर्वात जास्त अभिमान ज्या एका गोष्टीचा वाटतो ती गोष्ट समोर उभी आहे. पण विहिरीत कोणाचं सिमेंट आहे हे त्याने बदलत नाही. हे वाक्य मी अरबाबच्या ऑफिसात अनेकदा म्हणून बघितलं आहे. तेव्हा त्या भागाची चिंता नको. आणि कृपा करून पट्टी सरळ करून ये, नाहीतर साक्ष देता देता माझा हात पुढे येईल.

हे सगळं तार करूनही कळवता आलं असतं. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्या कारणासाठी. मरियमबीचं पत्र आलं, जैनबच्या हातचं. हमदुल्लाने तिचं नाव बचावाच्या साक्षीदारांत दिलं आहे, आणि तिने आनंदाने हो म्हटलं आहे. तिने लिहिलंय, "मी सांगणार आहे की आमच्या विहिरीवरून कोणी तहानलेलं परत गेलं नाही. मी स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या हंड्यांत पाणी ओतलंय. विश्राम असेल तिथे, त्याला तर माहीतच आहे, त्यालाही मीच पाजायची." यात एक अक्षर खोटं नाही. ती खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणूनच तू उठून तिला विचारशील की चाची, कळशी त्यांच्या हातात का दिली नाही, तेव्हा ती पहिल्यांदाच थांबेल आणि विचार करेल. तिला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. आपण माया करत होतो असं तिला वाटत आलंय, आणि माया होतीही. तिला उत्तर सापडेल, आणि ते ती सांगून टाकेल, तुझ्याकडे बघून, भर कोर्टात.

प्रश्न गाळू नकोस. माझ्यासाठी तर नाहीच. सुंदराबाईची कळशी अजून तळाला आहे. पण बचावाचे साक्षीदार पुढच्या तारखेला येतील आणि तोवर माझी रजा संपून मी इथे परत आलेला असेन. हमदुल्ला तिला एस.टी.तून सोबत घेऊन येईल, आणि तिचं बोलणं झाल्यावर तो तिला सोबत परत नेणार नाही. तिला एकटी घरी जाऊ देऊ नकोस. तू सोबत जा. पडवीत बस. तिच्याकडे पाणी माग.

खटल्याची मला काळजी नाही, विश्राम. तुझी तर मुळीच नाही. मला मरियमबीची काळजी वाटते.

तुझाच,
याकूब परकार